बाभळीच्या वळणावरची शिट्टी

पिंगळी
११ एप्रिल १९७४

श्री. रंगनाथ यांस,

नमस्कार. तुम्हाला ‘तुम्ही’ लिहिताना हात अडखळतो. उस्तादांच्या हाताखाली आपण दोघं एकाच वर्षी आलो, तेव्हापासून अरे-तुरेच केलं. पण सध्या तसं लिहिणं मला जमणार नाही.

पत्ता तुमच्या आईकडून घेतला. त्यांनी सहज दिला नाही. "कशाला पायजे? त्यानं काय केलंय?" असं विचारलं. मी म्हणालो, तेच विचारायचंय. तेव्हा त्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने सिकंदराबादचा पत्ता घेऊन बाहेर आल्या.

कामाचं लिहितो. पाडव्याच्या फटफटीच्या शर्यतीत उस्ताद गेले, त्याबद्दल पोलिसांना मंडळाचा जबाब हवा आहे. सेक्रेटरी दत्तराव म्हणतात, बाभळीच्या वळणावर झेंडा तुमच्याकडे होता आणि तुम्ही कसलाही इशारा दिला नाही, असं मंडळाने लिहून द्यावं. तसं दिलं तर तुमच्यावर खटला होईल. पुढच्या वळणावर पंच म्हणून मी उभा होतो. तुमची जागा सरळ दिसेल असा दुसरा पंच नव्हता. म्हणून माझी सही लागते. मी अजून सही केलेली नाही. करणार नाही असंही नाही.

मी जे पाहिलं ते लिहितो, म्हणजे तुम्हाला कळेल की मी काय पाहिलं. चौथ्या फेरीत पूर्णा गावचा पोरगा घसरला. धूळ उठली. उस्ताद वळणाच्या आतल्या बाजूला होते. ते नेहमीसारखे धावत गेले आणि त्याची फटफटी उचलायला वाकले. त्यांची पाठ तुमच्याकडे होती. तुम्ही हाकेच्या अंतरावर होता. तुमचा पिवळा झेंडा गुंडाळलेला, काखेत. एक हात तोंडाशी. मग भुजंगची फटफटी त्या धुळीत शिरली.

पिवळा उघडला असता तर सगळ्यांना वेग मोडावा लागला असता आणि कोणाला पुढच्याला मागे टाकता आलं नसतं. भुजंग तेव्हा दुसरा होता. भुजंग तुमच्या बायकोचा भाऊ आहे. त्यापुढचं मी लिहीत नाही.

तुम्ही म्हणता तुम्ही शिट्टी वाजवली. मला ती ऐकू आली नाही. वारा उलटा होता आणि माझ्या समोरून तीन गाड्या जात होत्या, त्यामुळे माझं सोडा. पण उस्तादांना कशी आली नाही? शिवेवरून येणाऱ्या जावा फटफटीची चेन ढिली आहे, हे गाडी दिसायच्या आत सांगणारा तो माणूस. शर्यतीआधी प्रत्येक गाडीच्या टाकीवर हात ठेवून डोळे मिटून उभे राहायचे आणि इंजिनाचं दुखणं सांगायचे. अशा माणसाला हाकेच्या अंतरावरची शिट्टी ऐकू येत नाही, हे मला पटत नाही.

आणखी एक. आदल्या संध्याकाळी दत्तरावांनी नांदेडहून आणलेल्या शिट्ट्या वाटल्या. रानात माणसं घुसतात, गुरं घुसतात, त्यांना झेंडा काय कळतो, म्हणून आधी शिट्टी आणि मग झेंडा, असा नवा नियम. उस्ताद म्हणाले, "शिट्टी न्हाई. झेंडा." दत्तराव हसले. "उस्ताद, तुमचा कान एवढा तिखट, अन् तुमालाच शिट्टीचं वावडं?" सगळे हसले, तुम्हीसुद्धा. उस्ताद दत्तरावांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं." ते इतक्या लवकर ‘बरं’ म्हणालेले मी पूर्वी पाहिले नव्हते. तुमचं आणि दत्तरावांचं आधीच काही ठरलं होतं का?

तुम्ही मयतीला होता, पण तिसऱ्या दिवशी सावडायला आला नाहीत. त्याच दिवशी गाडीने गेलात.

उत्तर पाठवावं.

पंडित


पिंगळी
३० एप्रिल १९७४

श्री. रंगनाथ यांस,

तुमचं कार्ड मिळालं. ‘मी शिट्टी वाजवली. तीनदा. यापुढे मला लिहायचं नाही.’ एवढ्यासाठी कार्ड कशाला खर्च केलं?

शाळेला सुट्टी लागली आहे. मी झरीला जाऊन भुजंगला भेटलो. तुमचा मेहुणा अंगणात बसला होता. फटफटीवर गोणपाट टाकलं होतं. मला बघून तो उठला नाही.

"मास्तर, तुमीबी तेच विचारायला आलाव?"

"झेंडा दिसला का तुला?"

"झेंडा दिसला असता तर मी थांबलो नसतो का? उस्तादानं मला पहिल्यांदा गाडीवर बसवलं. धुळीत मला कायबी दिसलं न्हाई. नुसता धक्का बसला." मग म्हणाला, "दाजीला सांगा, मी त्यांचं नाव घेतलं न्हाई कुठं." हे वाक्य मला आवडलं नाही. ज्याने काही केलं नाही, त्याचं नाव न घेण्याचे उपकार कशाला?

बाभळीखाली शेव आणि रेवड्या विकायला बसते ती बायनाबाई म्हणते, शिट्टी वाजली. "वाजली की, बाबा. माझ्या कानात बसली. मी म्हणलं, ह्या मेल्याला काय झालंय एवढं फुंकायला." मी तिला दोनदा फिरवून विचारलं. ती बदलली नाही. पण ती तुमच्या गल्लीतली आहे. तुमच्या आईने तिला काही सांगितलं नसेल कशावरून?

समजा वाजली. मग उस्ताद वळले का नाहीत? ह्याचं उत्तर तुमच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. म्हणून मी म्हणतो, वाजली नाही.

दुसरं काही लिहायला घेतलं की मन तिथेच येतं. गेल्या रविवारी मी एकटाच त्या रानात जाऊन आलो. ढेकळं पुन्हा फुटली आहेत, शर्यतीच्या फेऱ्याची वाट ओळखूही येत नाही. उस्ताद असते तर त्यांनी शर्यत संपल्यावर लगेच आपल्या दोघांना दोऱ्या गुंडाळायला लावल्या असत्या. दोऱ्या अजून तिथेच पडल्या होत्या. मी गुंडाळल्या. तुमच्या जागेवर उभा राहून पाहिलं. तिथून ते वाकलेले अगदी स्पष्ट दिसले असणार.

दत्तराव रोज माणूस पाठवतात. पोलिसांनी जूनपर्यंत मुदत दिली आहे. मी सही करीन असं दिसतं.

पंडित


पिंगळी
२ जून १९७४

श्री. रंगनाथ यांस,

रेल्वेच्या संपामुळे गाड्या बंद होत्या, टपाल परभणीतच पडून होतं. हे पत्र कधी पोचेल माहीत नाही. पोचेल तेव्हा नीट वाचा.

मी उस्तादांच्या घरी काकूंकडे जातो, तुम्हाला माहीत आहे. उस्ताद होते तेव्हाही जायचो आणि आत बाजेवर बसायचो. बौद्धवाड्यातला मास्तर उस्ताद माणिकरावांच्या घरात बाजेवर बसतो, हे त्या गल्लीत सगळ्यांना खपत होतं असं नाही. पण उस्तादांनी कधी कोणाचं ऐकलं नाही. (हे वाक्य लिहून थांबलो होतो. राहू देतो.)

त्या बाजेच्या पायाला एक सुतळी बांधलेली आहे. भिंतीतल्या खिळ्यावरून ती स्वयंपाकघरात जाते. आपण दोघांनी ती शंभरदा पाहिली असेल. मला वाटायचं, फडकी वाळत घालायची असेल.

परवा मी बाजेवर बसलो होतो. काकू आत चहा करत होत्या. एकाएकी बाज दोनदा हलली. मला कळलं नाही. पुन्हा दोन झटके. सुतळी ताणलेली दिसली. मग काकू कप घेऊन दारात आल्या, मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सवय, बाबा," त्या म्हणाल्या. "चहा घे."

"कसली सवय, काकू?"

"काही न्हाई. चहा गार होईल."

मी कप घेतला नाही. म्हणालो, "उस्तादांना बोलवायला ही सुतळी होती का? हाक नाही मारायच्या तुम्ही?"

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "हाक मारून काय उपयोग होता," म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. उस्ताद नोकरीला होते त्या डेपोत ट्रकच्या टायरमध्ये हवा भरताना टायर फुटलं होतं. डावा कान त्याच दिवशी गेला. उजवा हळूहळू गेला. गेली सहा-सात वर्षं काहीच नव्हतं. ते ओठ बघून बोलणं ओळखायचे. नोकरीत कळलं असतं तर काढून टाकलं असतं, म्हणून लपवलं. नोकरी संपल्यावर शर्यती राहिल्या होत्या, म्हणून लपवलं.

मी पहिल्यांदा काय विचार केला ते सांगतो. मला वाटलं, ह्यांना तुमच्या आईने शिकवलं. दोघींचं जाणं-येणं आहे. म्हणून मी काकूंना काही न बोलता परभणीला गेलो. उस्तादांबरोबर डेपोत काम केलेले सिताराम स्टेशनमागे राहतात, त्यांना गाठलं. सरळ विचारलं नाही. म्हणालो, उस्तादांचा कान फार तिखट होता, नाही का. ते हसले. "कोणाचा? माणिकचा? डाव्या कानात तर त्याला कधीच न्हवतं. उजव्याचं आमाला ठाऊक न्हाई, पण आमी खांद्यावर थाप मारल्याबिगर त्याच्याशी बोलत न्हवतो."

सगळ्या रस्त्याने मी एकेक गोष्ट उलटी करून पाहत आलो. नव्या पोराला ते म्हणायचे, "खाली मान घालून बोलू नको, तोंडाकडे बघून बोल." आपल्याला वाटायचं, शिस्त. टाकीवर हात ठेवायचे, आपण म्हणायचो, ऐकतात. ते हाताने इंजिनाचा थरथराट बघत होते. त्या जावाची चेन त्यांनी ऐकली नव्हती. ते उंचावर उभे होते आणि गाडी आपल्या आधी त्यांना दिसली होती. आपण खाली ओढ्यात होतो. गाडी दिसायच्या आत सांगितलं, ही गोष्ट आपणच पसरवली. मीच जास्त.

दत्तरावांनी सगळ्यांसमोर त्यांच्या कानाचा विषय काढला, तेव्हा ते ‘बरं’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

आता मला वाटतं, शिट्टी वाजली असेल.

पंडित


पिंगळी
७ जून १९७४

श्री. रंगनाथ यांस,

मागच्या पत्राचं उत्तर यायच्या आत हे लिहितो, कारण एक गोष्ट विचारायची राहिली.

तुम्हाला माहीत होतं का?

तुम्ही त्यांच्याजवळ माझ्यापेक्षा जास्त असायचा. मला शाळा होती, तुम्ही दिवसभर त्यांच्या शेडमध्ये असायचा. त्यांना ऐकू येत नाही हे माहीत असून तुम्ही शिट्टी वाजवत उभे राहिलात असं असेल, तर ते मला झेंडा न उघडण्यापेक्षा वाईट वाटतं. मग तुम्ही नियम पाळला आणि माणूस जाऊ दिला. असं करणाऱ्याला कोणीही धरू शकत नाही. हा विचार आल्यापासून मला झोप नाही.

काकूंनी मला शपथ घातली आहे. "गावात सांगू नको, पंडित. लोक म्हणतील, बहिऱ्यानं सगळ्यांना फसवलं. शर्यतींचे जेवढे निकाल त्यांनी दिले तेवढे खोटे म्हणतील. मेलेल्या माणसाला हसतील रे." मी ‘हो’ म्हणालो नाही, ‘नाही’ही म्हणालो नाही.

मंडळाची बैठक सोळा तारखेला आहे. गप्प राहिलो तर दत्तरावांचा कागद तसाच जाईल. बायनाबाईचं कोण ऐकणार? सगळे तेच म्हणतात जे मी म्हणत होतो, की उस्तादांना शिट्टी ऐकू आली नाही असं होऊच शकत नाही. बोललो तर काकूंची शपथ मोडते.

खरं ते लिहा. वाईट असलं तरी लिहा.

पंडित


पिंगळी
२४ जून १९७४

प्रिय रंगनाथ,

तुझं पत्र बैठकीच्या आदल्या दिवशी आलं. यावेळी दोन पानं लिहिलीस. मी ते कोणाला दाखवलं नाही, दाखवणारही नाही. तू लिहिलंस, उस्तादांना ऐकू गेलं नसेल असं तुझ्या मनातही आलं नाही. पहिली शिट्टी वाजवली आणि वाटलं, ऐकलंय, वळतील. दुसरी वाजवली आणि वाटलं, ऐकलंय, गाडी तेवढी उचलून घेतायत. तिसरीनंतर झेंड्याची गाठ सोडायला हात गेला, तोवर भुजंग तुझ्यापुढून निघून गेला होता.

मी हे पुन्हा पुन्हा वाचलं, कुठे काही लपवलंयस का ते बघायला. शाळेत पोरांच्या वह्या तपासतो तसं. मग मी तुझ्या जागी स्वतःला उभं केलं. मीही वाट पाहिली असती. उस्तादांना ओरडून सांगावं लागतं, असं मला वाटलंच नसतं.

बैठक दत्तरावांच्या शेतातल्या खोपीपाशी, आखाड्यावर झाली. आभाळ आलं होतं, म्हणून सगळे पत्र्याखाली दाटीने बसले. दत्तरावांनी कागद वाचला आणि माझ्यापुढे पेन धरलं. मी म्हणालो, शिट्टी वाजली होती. उस्तादांना ऐकू येत नव्हतं.

मग आश्रुबा म्हातारा म्हणाला, "कोणाला? माणिकला? मग इतकी वर्षं आमचे निकाल कोणी दिले, फटफटीनं?" जो हशा झाला तो तुला सांगायला नको.

दत्तराव हसले नाहीत. "मास्तर, कालपर्यंत तुमीच म्हणत होता, रंगनाथानं शिट्टी वाजवलीच न्हाई. आज उस्ताद बहिरे. सिकंदराबादहून काय आलं का तुमाला? पार्सल-बिर्सल?"

मागून कोणीतरी म्हणालं, "ज्यानं वर बसवलं त्यालाच बहिरा म्हणतोय." ते वर बसवणं म्हणजे काय, ते मला कळलं. त्यांनाही कळावं म्हणूनच म्हटलं होतं. मी सितारामांचं नाव सांगितलं. दत्तराव म्हणाले, तो मंडळात नाही. मग म्हणाले, "वहिनीला बोलवा. वहिनी म्हणतील ते खरं."

मला वाटलं, संपलं. काकू नाही म्हणतील आणि त्यांनी नाहीच म्हणावं, असंही वाटलं. रंगनाथ, त्या वेळी तू माझ्या मनात नव्हतास. खरं लिहितो.

त्या आल्या. पदर डोक्यावरून घेऊन खांबापाशी उभ्या राहिल्या. दत्तराव अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, ह्यो मास्तर म्हणतोय माणिकराव बहिरे होते. तुमी फक्त न्हाई म्हणा, अन् घरी जा. तुमाला जास्त तरास न्हाई."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"लगीन झालं त्याला दोन वर्षं नव्हती झाली, तवा टायर फुटलं," त्या म्हणाल्या. "तवापासून मी त्यांच्याशी तोंडासमोर उभी राहून बोलले. पाठीमागून एकदाबी हाक मारली न्हाई." मग दत्तरावांना म्हणाल्या, "शिट्टी नको म्हणाले होते ना ते तुमाला? आता काय लिहायचं ते लिहा."

आणि गेल्या. पाऊस लागला होता तरी थांबल्या नाहीत. एक जण छत्री घेऊन मागे गेला, त्याला त्यांनी परत पाठवलं.

दत्तरावांनी कागद फाडला. दुसरा लिहिला, तोही सरळ लिहिला नाही. ‘इशारा देण्यात आला होता, तो मयताच्या ध्यानी आला नाही.’ शिट्ट्या कोणी आणल्या, त्याबद्दल एक शब्द नाही. मी ते घालायला लावणार होतो. मग पाहिलं की तेवढ्यावर तू सुटतोस, आणि सही केली. जमादार परवा येऊन गेला. तुझ्यावर काही होणार नाही. भुजंगवरही नाही. तुझ्या आईला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं, आणि अजूनही त्या माझ्याकडे संशयानेच बघत होत्या. त्यांचं चूक नाही.

काकू म्हणाल्या होत्या तसंच झालं आहे. स्टेशनसमोरच्या हॉटेलात उस्तादांच्या नकला चालतात. कोणी कानामागे हात धरतो, कोणी चहाच्या टेबलावर हात ठेवून डोळे मिटतो, म्हणतो, "दूध फाटलंय." चुडाव्याच्या एकाने पाच वर्षांपूर्वीच्या शर्यतीचा निकाल खोटा होता, असं म्हणायला सुरुवात केली आहे. त्या निकालाचा आवाजाशी काय संबंध? मी त्याला हे विचारलं. तो म्हणाला, "तुमीच सांगितलं की मास्तर, बहिरा होता म्हणून."

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेलो. त्या दारातच उभ्या होत्या. ‘ये’ म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याबाहेर थांबलो.

"तू खोटं बोलला न्हाईस, पंडित," त्या म्हणाल्या. "मला राग न्हाई. पण आता येत जाऊ नको, बाबा. तुला बघितलं की मला ती आखाड्यावरची माणसं हसताना दिसतात."

मी बरं म्हणालो. गल्लीतली माणसं बघत होती. त्यांना जे बऱ्याच दिवसांपासून पाहायचं होतं ते दिसलं, असं मला वाटलं. कदाचित तसं नसेलही. हल्ली मला सगळ्यांच्या डोळ्यांत काहीतरी दिसतं.

गाड्या आता नीट चालू झाल्या आहेत. तुझी वाट पाहून आईचे डोळे शिणले आहेत, तू ये. आलास की आधी काकूंकडे जा. तुझ्याबद्दल त्यांच्या मनात काही नाही, त्या तुला आत बोलावतील. मी कोपऱ्यावर पिठाच्या गिरणीपाशी थांबेन. तिथून निघालास की मला सांग, त्या जेवतात का नीट.

तुझा,
पंडित